विसर्ग म्हणजे दोन टिंबं

ता. २, मंगळवार

फळांखाली गवत घालून झालं. हे काम बसून होत नाही आणि उभ्यानेही होत नाही. कोंबडीसारखं उकिडवं सरकावं लागतं. एका हाताने फळ उचलायचं, देठाला पीळ पडू द्यायचा नाही, दुसऱ्या हाताने खाली गवताची चुंबळ सरकवायची. नाहीतर तापलेली वाळू कलिंगडाचं बूड भाजून काढते. आता लिहायला बसले तरी गुडघे अजून वाळूतच आहेत असं वाटतंय.

वर धरण झाल्यापासून उन्हाळ्यात नदी एका कडेने ओहोळासारखी वाहते. बाकी सगळं पात्र म्हणजे वाळू, आणि ती वाळू हेच आमचं शेत. हाताला ओल लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात खत, त्यात बी, वाऱ्याच्या बाजूला लव्हाळ्याची ताटी. सगळं गाव उतरतं, न्हावीसुद्धा. पावसाच्या आत माल काढायचा, मग नदी आपली जागा परत घेते.

आमच्या वाडीतली मधली ओळ यांची. हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी भाऊजी तिला "दादाची ओळ" म्हणतात आणि पाणी आधी तिलाच घालतात. आज त्या ओळीतलं फळ उचललं तर ते तापलेल्या कपाळासारखं हाताला लागलं. मी जरा वेळ तशीच धरून बसले. जाऊ म्हणाली, "ताई, ते अंडं नाही, उबवू नका."

दुकानदार बाजारातून ऐकून आलाय की यंदा भर उन्हाळ्यात धरणाचं पाणी सोडणार. सोडलं तर आमचं वर्ष गेलं. बरीचशी फळं अजून कच्ची आहेत.

ता. ५, शुक्रवार

धरणाच्या खात्याचा शिपाई सायकलवर आला, दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवला आणि गेला. पाणी विचारलं तर नको म्हणाला. मास्तर सुट्टीत आपल्या घरी गेलेत. ते नसले की गावात चार ओळी सलग वाचणारी मीच. भाऊजी बोलवायला आले. "वहिनी, चला, तुमचं काम आलंय."

दुकानासमोर हात-पाय न धुता आलेली माणसं, सगळ्यांच्या पायांना वाळू. मी मोठ्याने वाचलं: "येत्या सोळा तारखेपासून धरणाचा विसर्ग वाढविण्यात येत आहे. नदीकाठच्या गावांनी नोंद घ्यावी."

न्हावी म्हणाला, "नोंद घेतली. आता काय घेतलं ते कुणीतरी सांगा."

"विसर्ग म्हणजे काय, वहिनी?" दुकानदाराने विचारलं.

विसर्ग मला माहीत होता. यांनी एकदा बाजारातून गोष्टींचं म्हणून पुस्तक आणलं, ते निघालं व्याकरणाचं. मी किराण्याच्या पुड्यांवरून वाचायला शिकलेली, मला काय, अक्षर दिसल्याशी मतलब. दोनदा वाचून काढलं. विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं, एकाखाली एक. बहुतेक शब्द संपताना येतात. दुःखात मात्र मध्येच. हे तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी पान दाखवलं तर म्हणाले, "दुखात या दोन उवा कशाला पडल्या?" आणि हसले, आणि हसता हसता खोकला लागला.

पण धरणाला टिंबं कशी असतील? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मनाशी जुळवलं. शब्द संपतो तिथे विसर्ग. म्हणजे संपणं, बंद होणं. धरणाचा विसर्ग म्हणजे धरण बंद ठेवणं. ते वाढवलं. सगळं जागच्या जागी बसलं.

"पाणी बंदच राहणार," मी म्हणाले. "सोळापासून पुढची मुदत वाढवलीय."

"तसं छापलंय?"

"तसंच छापलंय."

एवढा मोठा श्वास एकदम सुटलेला मी कधी ऐकला नव्हता. न्हावी म्हणाला, "चला, माझा राजा वाचला." राजा म्हणजे त्याच्या वाडीतलं सगळ्यात मोठं कलिंगड. त्याला तो रोज गिऱ्हाइकाच्या टॉवेलने पुसतो. जाता जाता दुकानदाराने मला "वकिलीणबाई" म्हटलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

ता. ७, रविवार

संध्याकाळी ओट्यावर पेपर वाचला. कलिंगडं न्यायला येणारा लॉरीवाला दर वर्षी जुने पेपर टाकून जातो, तेच. नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. एक-दोघं खाली मातीत बसली. हे असते तर खांबाला टेकून बसले असते आणि मी अडखळले की खोकले असते. खोकला खरा की मला सावरायला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ता. ९, मंगळवार

दुकानात मीठ आणायला गेले आणि कागद पुन्हा वाचला. मुदत वाढवली असेल तर "मुदत" असा शब्द कुठेच कसा नाही? मुदत मला वाचता आली असती. घरी येऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं. "विसर्गाचा उच्चार श्वास सोडल्यासारखा करावा." त्यापुढे काही नाही.

बसवाल्याबरोबर मास्तरांना निरोप धाडता येईल. पण निरोपात काय सांगायचं? की गावाला अर्थ सांगून बसले आणि आता अर्थ विचारते? बसवाला तो निरोप थांब्यावर चहा पिताना चार जणांना सांगणार. नाही धाडला.

ता. १२, शुक्रवार

आज भाऊजींजवळ विषय काढला. ते खोपीची दोरी आवळत होते. कोल्ह्यांपायी ते हल्ली वाळूतच झोपतात. म्हटलं, "भाऊजी, त्या कागदाचं मनातून जात नाही."

"तुम्ही नीट वाचलंत ना?"

"वाचलं नीटच."

"मग झालं." त्यांनी दोरीला गाठ मारली. "दादा म्हणायचा, आमच्या घरात सरकारी माणूस नाही पण छापील माणूस आहे."

हे असं म्हणायचे, हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर मला पुढचं बोलता आलं नाही. डोळ्यांत वाळू गेली म्हणून तोंड फिरवलं.

न्हाव्याने राजाला आज खालून नवीन गवत घातलं. टिचकी मारून कान लावतो. "अजून बोलत नाही," म्हणाला. "पण लाजतोय."

ता. १५, सोमवार

दिवसभराचं आत्ताच लिहून ठेवते.

दुपारी लॉरीवाला पहिला माल न्यायला आला. फरशीपुलाशी मी आणि भाऊजीच होतो, बाकी सगळे खाली. फळं चढवून झाली तसा तो म्हणाला, "आता या आठवड्यात माझी वाट बघू नका. उद्यापासून विसर्ग. फरशीवरून पाणी जाईल."

मी विचारलं, "विसर्ग म्हणजे?"

तो हसला. "पाणी सोडणं, बाई. अजून काय? खाली शहरात प्यायला थेंब नाही. तुमच्याकडे कागद नाही का लागला?"

मला वाटतं मी लॉरीला धरून उभी होते. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी वाळूकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एकदम म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाडीवाल्याकडे जा, बैल जुंपायला सांगा. खाली मी सांगतो."

"मी सांगते. मीच सांगायला हवं."

"आत्ता कोण सांगतं याला वेळ नाही. जा तुम्ही."

मी गेले. गाडी घेऊन आले तोवर सगळी वाळू मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी झाली होती. खोपी मोडत होते, जनावरं ओढत होते, पिकलेली फळं पाट्यांत भरत होते. कुणी मला एक शब्द बोललं नाही. दुकानदार जवळून गेला, थांबला आणि म्हणाला, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." असं कसं तो म्हणाला, कळत नाही.

भाऊजींना विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"पाणी येतंय म्हणून."

ता. १६, मंगळवार

सकाळी आलं. आधी आवाज आला, वाळूवर पोतं ओढल्यासारखा. पाणी उंच नव्हतं. सपाट होतं, मातकट, त्यावर फेस, आणि ते थांबतच नव्हतं. वेल आधी उचलले गेले, पानं वर तरंगली. मग कच्ची फळं सुटून चालू लागली. हिरवी, एकामागून एक. यांची ओळ पण.

न्हावी राजाला आणायला परत खाली उतरला. बायको ओरडत होती, सगळे ओरडत होते. त्याने फळ उचललं, छातीशी धरलं आणि वळला, तोवर गुडघ्याच्या वर आलं होतं.

खालच्या वळणावर बाभळीला अडकलेला सापडला. जिवंत आहे. उजवा हात कोपराखाली मोडलाय.

उजवा. वस्तऱ्याचा.

ता. १७, बुधवार

दिवसभर काठावर. लोक नुसते बसून पाण्याकडे बघतात. मी पण बसले. एका बाईने मला भांडं भरून दूध आणून दिलं. मी म्हटलं, मला कशाला, तर म्हणाली, "घ्या हो, तुमचा काय दोष."

मला वाटतं त्यांना माझी कीव येते. विधवा म्हणून सोडून देतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ता. २१, रविवार

भाऊजींचं बिनसलंय. गाडीवाल्याने बांधाच्या कामाला सगळ्यांना बोलावलं, त्यांना नाही. ते दुकानात गेले तर बाकावरची दोन माणसं उठून गेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काही भांडण झालं का विचारलं, तर म्हणाले, "उन्हाने माणसं तापतात." दाढी वाढलीय. त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं.

जाऊ माझ्याशी बोलत नाही. हंडा माझ्या हंड्याशेजारी न ठेवता लांब ठेवते. तिचं बरोबर आहे. माझ्यापायी तिचं पीक गेलं.

संध्याकाळी माणसं पेपर ऐकायला आली. मला आश्चर्य वाटलं. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

ता. २४, बुधवार

न्हाव्याला बघायला गेले. हात फळ्यांत बांधलाय. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. गावात कुणाच्या घरी मयत झालं तरी जो माणूस काहीतरी बोलून हसवतो, तो गप्प. मी म्हटलं, "माझी चूक झाली."

तो तसाच भिंतीकडे बघत म्हणाला, "तुमची कसली? तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही सांगितलंत. ज्याने दाबलं त्याला पुरेल ते."

मला वाटलं तापात बोलतोय. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. त्याची बायको मला निरोप द्यायला दारापर्यंत आली. पूर्वी कधी येत नसे.

ज्याने दाबलं म्हणजे कोण? खातं? शिपाई? दिवसभर तेच डोक्यात.

ता. २८, रविवार

आज कळलं. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या धीर होणार नाही.

सकाळी पाणवठ्यावर मी जाऊला म्हटलं, "माझ्यावरचा राग भाऊजींवर काढू नकोस. ते बिचारे आधीच वाळलेत."

तिने हंडा आपटला. "बिचारे? गाव त्यांना हावरट म्हणतंय, ताई. फळं पिकावीत म्हणून चार दिवस गप्प बसला म्हणतंय. न्हाव्याचा हात याने मोडला म्हणतंय. आणि तुम्ही मला शिकवताय?"

"कोण गप्प बसलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला खरंच माहीत नाही? त्या दिवशी वाळूत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, वहिनींना चूक बारा तारखेलाच कळली होती, त्यांनी मला सांगितलं होतं, मीच म्हटलं थांबा. मी बाजूला उभी होते. मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं."

"मी नाही ठरवलं."

"मी त्यांना रात्री विचारलं, का केलंत असं? म्हणाले, दादा गेल्यावर तिच्यापाशी ते वाचणं सोडून काय राहिलंय. ते पण गेलं तर ती काय करेल." जाऊने पदराने तोंड पुसलं. "तुमचं वाचणं राहिलं. आमचं नाव गेलं. माझ्या माहेरपर्यंत गेलं."

मी रिकामा हंडा घेऊन घरी आले. भाऊजी मागच्या अंगणात ओल्या ताट्या वाळत घालत होते. मी म्हटलं, "हे तुम्ही का केलंत?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

एक ताटी उलटी केली, मग दुसरी. "शुक्रवारी तुम्ही बोलला होतात ना. मनातून जात नाही म्हणून. मी ऐकलं नाही. म्हणजे अगदीच खोटं नाही."

"मी अर्धं बोलले होते."

"मग अर्धं तुमचं, अर्धं माझं. सोडा आता."

सोडा कसं? न्हाव्याचा हात अर्धा-अर्धा मोडलेला नाही. त्या कागदाचा अर्थ मी सांगितला, मी एकटीने, आणि नऊ तारखेपासून मनात पाल चुकचुकत असताना विचारलं नाही, कारण वकिलीणबाई ऐकायला गोड लागलं होतं. यांना मी काय सांगितलं असतं? हे काही न बोलता खोकले असते.

ता. २९, सोमवार

भिंतीवर नवीन कागद लागला. मला बोलवायला या वेळी भाऊजी आले नाहीत, दुकानदार आला. मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही पण चला." नको म्हणाले. मी म्हटलं, "दादाची बायको सांगते म्हणून चला." मग आले, पण लांब, विजेच्या खांबापाशी उभे राहिले. आजूबाजूची जागा रिकामी झाली.

न्हावी बाकावर बसला होता, हात गळ्यात.

मी कागद वाचला नाही. आधी पाठ भिंतीला लावली. म्हटलं, "आधी मागच्या कागदाचं सांगायचंय." आणि सांगितलं. विसर्ग म्हणजे काय हे मला पाच तारखेला माहीत नव्हतं, बारा तारखेलाही नव्हतं. पंधराला लॉरीवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं. भाऊजींना तेव्हाच कळलं, माझ्याबरोबर. त्यांनी काही दाबलं नाही. त्यांनी मला झाकलं.

दुकानदाराने तराजूचं पारडं हाताने धरलं, ते हलत नव्हतं तरी.

"म्हणजे तुम्ही बनवून सांगितलंत?" गाडीवाला म्हणाला.

"हो."

"येत नव्हतं तर येत नाही म्हणायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

एक बाई म्हणाली, "आमचं वर्ष गेलं तुमच्या लाजेत." मी मान हलवली. खरंच होतं ते.

न्हाव्याने खांबाकडे बघून हाक मारली, "ए छापील घराण्या! इकडे ये. त्या दाढीत चिमण्यांनी घर केलं तर वहिनी त्यालाही विसर्ग म्हणतील."

कुणी हसलं नाही. पण भाऊजी आले. न्हाव्याने बाकावर जागा केली आणि बायकोला पेटी आणायला सांगितलं. "डाव्या हाताने करतो. कापलं तर वहिनींच्या नावावर घालू."

मग दुकानदार मला म्हणाला, "आणि हा कागद?" आवाज कोरडा होता.

मी वाचला. "नदीपात्रातील जागेचे अधिग्रहण लवकरच करण्यात येईल. संबंधितांनी नोंद घ्यावी." म्हटलं, "अधिग्रहण मला येत नाही. ग्रहण येतं. पण मी अंदाज करणार नाही. परवा मास्तर येतील, त्यांना विचारू."

"ग्रहण कळलं ना," न्हावी साबण फेसताना म्हणाला. "मग निम्मं कळलं."

ता. ३०, मंगळवार

संध्याकाळी ओट्यावर दिवा ठेवला आणि पेपर घेऊन बसले. कुणी आलं नाही. तसं होणार हे धरूनच बसले होते. तरी दर वेळी पाऊल वाजलं की मी पान उलटत होते, वाचतेय असं दिसावं म्हणून. मग माझं मलाच कळलं आणि पेपर मिटला.

जाऊने हंडा आणून माझ्या हंड्याजवळ ठेवला. अगदी शेजारी नाही. मध्ये एक हंडा मावेल एवढ्या अंतरावर.

अंधार पडायच्या आत भाऊजी आले आणि खांबाला टेकून बसले, हे बसायचे तिथे. गुळगुळीत दाढी. एकच जागा चुकली होती, हनुवटीवर. रक्ताचे दोन ठिपके सुकलेले, एकाखाली एक.

मी बघतच राहिले. "दुखतंय का?" विचारलं.

"थोडं," म्हणाले. मग पाय लांब केले. "वाचा. येत नसेल तिथे थांबा."